सालतिम्बांको, बाक आणि बुडालेली पेढी

विचारणा अशी आहे: १९६९ साली जुझेप्पे कोलिझ्झीने केलेल्या ‘ला कोल्लीना देल्यी स्तिवाली’ या इटालियन वेस्टर्नमध्ये सर्कशीतली माणसं खाणकामगारांना लुबाडणाऱ्या गावगुंडाविरुद्ध उभी राहतात. मराठीत लिहिताना या मंडळींना काय म्हणावं? ‘जोकर’ चालेल, की ‘डोंबारी’? आणि इटालियन कोशात सापडणाऱ्या ‘सालतिम्बांको’चा नेमका अर्थ काय?

‘जोकर’ अजिबात चालणार नाही. सर्कशीत दिसेल त्याला जोकर म्हणण्याची खोड सगळीकडे पसरली आहे. जोकर हा मुळात अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या डावात घुसलेला जादा पत्ता. सर्कशीतल्या हसवणाऱ्याला मराठीने ते नाव दिलं, ते रुळलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या चित्रपटात वुडी स्ट्रोडने केलेला थॉमस झुल्यावरचा माणूस आहे. त्याला जोकर म्हणणं म्हणजे तबलजीला गवई म्हणणं. ‘डोंबारी’ तर एका समाजाचं नाव आहे, ते इटालियन पडद्यावरच्या माणसांना चिकटवायचं कारण नाही. ‘विदूषक’ हा संस्कृत नाटकातला राजाचा सखा, त्याला तिथेच राहू द्यावं.

आता ‘सालतिम्बांको’. फोड सरळ आहे: सालता-इन-बांको, म्हणजे बांकोवर उडी घेणारा. जत्रेत, बाजारात फळ्या ठोकून केलेल्या उंचवट्यावर चढून कसरती करणारा. पण हा ‘बांको’ म्हणजे कोण? मूळचा जर्मानिक शब्द इटालियनमध्ये, पोर्तुगीजमध्ये आला, आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. कोकणीत तो अजून ‘बांक’ आहे, मराठीत अनुस्वार गळून ‘बाक’ झाला. शाळेतलं बाक! चावी, पगार, पाव, बिजागरी ज्या गलबतातून आले, त्यातूनच. म्हणजे ‘सालतिम्बांको’चं भाषांतर करायला दूर जायलाच नको. ‘बाकावर उडी घेणारा’ यात बाकाच्या जागी अक्षरशः तोच शब्द आहे.

इथे काही जाणकार ‘बाक’ हा ‘वक्र’पासून काढतात: बाकाची पाठ वाकलेली, म्हणून बाक. हे साफ चूक आहे. पाठीला येतो तो बाक पुल्लिंगी, तो वक्राच्या घरचा. बसायचं ते बाक बहुतेक ठिकाणी नपुंसकलिंगी: ते बाक, ती बाकं. शिवाय शाळेतल्या कितीतरी बाकांना पाठच नसते! लिंग वेगळं, अर्थ वेगळा, कोकणीत अनुस्वार शाबूत, आणि तरी दोन्ही एकच म्हणायचे, ही व्युत्पत्ती नव्हे, नुसतं ध्वनिसाम्य.

आता खरी गंमत. याच बांकोवर नाणी मांडून सराफ बसत, आणि त्यातून ‘बँक’ निघाली. कसरतवाल्याची फळी आणि सराफाची फळी, शब्द एकच. ‘बांकारोत्ता’, म्हणजे मोडलेली बांका, यातून इंग्रजांचा दिवाळखोरीचा शब्द आला. बुडालेल्या सराफाचं बाक लोक खरोखर कुऱ्हाडीने फोडत, ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात येते. शब्दाला तिची काहीच गरज नाही. आपण ‘पेढी बुडाली’ म्हणतो तेव्हा तिथे पाणी कुठे असतं?

आणि ‘पेढी’ म्हणजे तरी काय? माझ्या मते ती ‘पीठिका’च. पीठ म्हणजे आसन. त्याच्याच घरचं खेड्यातलं पिढं, त्याच्याच घरची सावकाराची पेढी. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालतो तो धंदा म्हणून पेढी’ असं सांगणाऱ्यांनी गाडी बैलाच्या पुढे जुंपली आहे. आधी आसन, मग आसनावर बसणाऱ्यांची परंपरा. ‘गादी’ आठवा: गादीवर बसले, गादी चालवली, गादी कोणाकडे गेली. तसंच पिढीचं.

ग्रीकांकडे चला, तिथेही हेच. ग्रीक ‘त्रापेझा’ म्हणजे मेज, शब्दशः ‘चतुष्पाद’: आपल्या ‘चतुर्’ आणि ‘पद’ यांचीच ग्रीक भावंडं त्यात आहेत. सराफ या मेजाशी बसत, म्हणून आजही अथेन्समध्ये बँकेच्या पाटीवर ‘त्रापेझा’ लिहिलेलं असतं. त्याचं लघुरूप ‘त्रापेझिओन’, छोटं मेज. त्यावरून भूमितीतली आकृती, जवळपास आपला समलंब चौकोन, आणि दोन दोर, वरचा आधार व खालची दांडी यांनी तसाच चौकोन होतो म्हणून सर्कशीतला ट्रॅपीझ! झुला आणि बँक ग्रीकमध्ये सख्खे, सालतिम्बांको आणि बँक इटालियनमध्ये सख्खे. पैसेवाल्या ठगाशी झुंजणाऱ्या कसरतवाल्यांच्या कथेत दोन्ही पक्ष शब्दांनी एकाच फळीवर उभे आहेत.

झुल्यावरच्या जोडीला मात्र ‘उडणारा’ आणि ‘झेलणारा’ म्हणा, ‘पकडणारा’ नको. पकडतो तो पोलीस. झेलणारा गुडघ्यांवर उलटा लोंबकळत हेलकाव्याचा ताल सांभाळतो. पंजात पंजा अडकवत नाहीत, घामाने निसटतो. एकमेकांची मनगटं धरतात. चुकलं तर जाळ्यात पाठीवर पडायचं, पायांवर पडलं तर घोटे जातात. इतक्या काटेकोर कामाचं नाव आपण गोंधळाला देतो, ‘नुसती सर्कस चाललीय’ म्हणतो, हे फार खटकतं.

‘सर्कस’ शब्दाला मराठीने किती जवळ घेतलं ते तिच्या रूपात दिसतं: म्हैस-म्हशीला, तशी सर्कस-सर्कशीत. १८७९ मध्ये जुझेप्पे किआरिनीची इटालियन सर्कस मुंबईत होती आणि १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, म्हणजे इटलीशी आपला हा धागा जुनाच.

तेव्हा सगळ्या चमूला ‘सर्कसवाले’, झुल्यावरच्यांना ‘कसरतपटू’ लिहावं. ‘कोलांटीवाले’ टाळा: कोलांटउडी कोल्हाट्यांच्या नावावरून आली, म्हणजे पुन्हा समाजाचंच नाव. चित्रपटाच्या नावाचं ‘बुटांची टेकडी’ हे भाषांतरही अपुरं पडतं. अमेरिकेच्या पश्चिमेत बूट पायात असतानाच, म्हणजे अंथरुणात नव्हे तर गोळीने मेलेल्यांची दफनभूमी ती ‘बूट हिल’. मराठीत ‘अपमृत्यूची टेकडी’ जवळचं आहे.