वाघ आधी नको, गवा आधी: प्राणी एकत्र काढताना

ताडोबाच्या चित्रात वाघ आणि रानगवा शेजारी काढले, तर गवा वासरासारखा दिसतो. काय चुकलं? (धरमपेठ)

बहुधा वाघ आधी काढून उरलेल्या जागेत गवा बसवला असेल. सगळ्यात उंच प्राणी आधी काढा. उंची खांद्यापर्यंतच मोजा. मान वरखाली होते, शिंगं लहानमोठी असतात. पूर्ण वाढलेल्या नरांची ढोबळ उंची सेंटिमीटरमध्ये अशी: गवा 175, सांबर 145, रोही (नीलगाय) 135, वाघ 100, चितळ 90, बिबट्या 65. कागदावर 20 सेंमीला 1 सेंमी धरलं, की गवा पावणेनऊ, वाघ 5, चितळ साडेचार. वाघ मोठा वाटतो तो लांबीमुळे. शेपटीसकट तो पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो आणि हात नकळत ती लांबी उंचीत घालतो.

कळपातली मागची चितळं लहान काढली तरी हवेत तरंगतात. (कामठी)

लहान काढलीत, पण पाय चुकीच्या जागी टेकवलेत. आधी क्षितिजरेषा फिकट आखा. सपाट जमिनीवर उभे असाल तर डोळे साधारण 150 सेंमीवर असतात आणि क्षितिज डोळ्यांच्याच उंचीवर दिसतं, म्हणजे 90 सेंमीचं चितळ कुठेही उभं असो, त्याचा खांदा पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या 0.6 वर येणार. पाय रेषेखाली 10 सेंमी असतील तर चितळ 6 सेंमी. 5 असतील तर 3. गव्याचा खांदा मात्र रेषेच्या वर निघतो, आणि तसाच निघू द्या, कापू नका! जिप्सीत उभं राहून पाहिलेलं दृश्य असेल तर डोळे सव्वादोन मीटरवर जातात, मग चितळाला 0.6 ऐवजी 0.4 घ्या. उतारावर हे गणित चालत नाही.

पाडस म्हणजे छोटं चितळच दिसतं. (महाल)

मोठ्या चितळाची आकृती लहान केली की असंच होतं. पाडसाचं डोकं धडाच्या मानाने मोठं, तोंड आखूड, पाय लांब. आधी पाय काढा, धड त्यावर बसवा.

प्राणी बरोबर, तरी जंगल खेळण्यातलं वाटतं. (सदर)

पानं तपासा. सागाचं मोठं पान सहज 40 सेंमी लांब असतं. चितळाच्या पायाशी पडलेलं असं पान खांद्याच्या उंचीच्या जवळजवळ निम्मं दिसलं पाहिजे. बहुतेक चित्रांत ते कानाएवढं असतं.