लोकप्रिय संस्कृतीमुळे संग्रहालये उथळ होतात का?

चित्रकथा, व्हिडिओ गेम आणि कार्टूनमधील पात्रे दालनात आणल्यामुळे संग्रहालये वारशाचे गांभीर्य घालवत आहेत का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, नव्या गोष्टीचे जुन्या वस्तूशी खरोखर नाते आहे की ते केवळ जाहिरातीपुरते जुळवले आहे, यावर त्याचे उत्तर ठरते.

ब्रिटिश म्युझियमने २०१९ मध्ये लंडनमध्ये जपानी मांगा चित्रकथांचे प्रदर्शन भरवले. त्यात कावानाबे क्योसाई या चित्रकाराने १८८० मध्ये टोकियोच्या शिंतोमी-झा या काबुकी (पारंपरिक जपानी नाट्यप्रकार) नाट्यगृहासाठी रंगवलेला, तब्बल १७ मीटर लांबीचा पडदाही मांडला होता. नामांकित नटांना भुताखेतांच्या रूपात दाखवणारा हा पडदा त्याने सुमारे चार तासांत पुरा केला, आणि कापडावर वावरताना उमटलेल्या त्याच्या पावलांच्या खुणा त्यावर आजही दिसतात. ती वेगवान, जाड रेषा आणि ते अतिरंजित चेहरे पाहिले की मांगाची परंपरा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय हा पडदा मुळात नाटकाला गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांसाठीच रंगवलेला होता. आज आपण ज्याला वारसा म्हणून जपतो, त्यातले बरेच काही एके काळी असेच लोकप्रिय होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावे.

ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाचा २०२३ मधील, पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम आणि कार्टूनमधील पात्रांचा उपक्रम मला अर्धाच जमलेला वाटतो. व्हॅन गॉग जपानी मुद्राचित्रांचा संग्राहक होता आणि १८८७ मध्ये त्याने हिरोशिगे या जपानी मुद्राचित्रकाराच्या चित्रांवरून स्वतः तैलचित्रे रंगवली, त्यामुळे जपानी पात्रांना तिथे बोलावण्यास भक्कम आधार होता. प्रत्यक्षात मात्र करड्या टोपीतील पिकाचू या पोकेमॉन पात्राच्या मोफत कार्डासाठी इतकी झुंबड उडाली की सुरक्षेच्या कारणास्तव संग्रहालयाला त्याचे वाटप थांबवावे लागले. तरीही मुलांना मूळ चित्रांपर्यंत नेणारा खेळ पुढे चालू राहिला, आणि उपक्रमाचा तोच भाग मला मोलाचा वाटतो.

म्हणून असे प्रदर्शन पाहताना वस्तूंशेजारच्या माहितीफलकांकडे बारकाईने पाहावे, असे मी सुचवेन. चित्र कोणी, कोणत्या तंत्राने आणि कोणासाठी घडवले, हे जुन्या कलाकृतीइतक्याच काळजीने नव्या कलाकृतीबद्दलही लिहिलेले असेल, तर त्या संग्रहालयाने दोन्हींचा अभ्यास केला आहे असे खुशाल समजावे.