आतड्याची 'सूज', 'शोथ' की 'दाह'?

प्रश्न असा आहे: "क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारावर 2024 साली झालेल्या जनुकीय संशोधनाबद्दल मी मराठीत टिपण लिहिते आहे. 'आतड्याला सूज आणणारे जनुक सापडले' असा मथळा दिला होता. संपादकांनी 'सूज' खोडून 'शोथ' केलं. डॉक्टर असलेला माझा भाऊ म्हणतो, 'दाह' हवं. इन्फ्लमेशनला नक्की काय म्हणायचं? आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीला?"

माझं मत भावाच्या बाजूने आहे. पण मथळ्यातल्या 'जनुक सापडले' या शब्दांनाही हात लावावा लागेल. ते पुढे सांगतो.

बोटात काटा मोडून आत राहिला की एक-दोन दिवसांत बोट लाल होतं, सुजतं, हाताला गरम लागतं आणि ठणकायला लागतं. पहिल्या शतकातल्या रोममध्ये वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने इन्फ्लमेशनची हीच चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. म्हणजे सूज ही चारांतली एक. बरं, प्रत्येक सूज ही इन्फ्लमेशनही नसते. हृदय किंवा मूत्रपिंड थकलं की घोट्यावर पाणी साठतं, बोटाने दाबलं की खळगा पडतो. त्यालाही आपण पायावर सूज आली असंच म्हणतो. तेव्हा क्रोन्सच्या टिपणात 'सूज' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार, पोट फुगल्यासारखं दिसत असेल. प्रत्यक्षात आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात, जुलाब लागतात, वजन उतरतं, आणि बाहेरून पोट अगदी सपाट असू शकतं.

'शोथ' केल्याने यातलं काही सुटत नाही. हा शब्द संस्कृतातल्या 'श्वि' म्हणजे फुगणे, सुजणे या धातूवरून आलेला. शोथ, शोफ, श्वयथु ही सगळी एकाच घरची माणसं. व्रणाशी निगडित शोथ वेगळा दाखवायला आयुर्वेदालाही 'व्रणशोथ' असा जोडशब्द करावा लागला. म्हणजे संपादकांनी सूजच ठेवली, फक्त संस्कृतात. मराठी विश्वकोशातल्या वैद्यकाच्या नोंदींत 'दाहयुक्त सूज' असा प्रयोग भेटतो. लिहिणाऱ्यांना अडचण नेमकी कळली होती, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तरी त्यात मुख्य नाम सूजच राहतं आणि दाह तिचं विशेषण होतो. मला ते उलट हवं आहे.

का, ते सांगायला रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफचा प्रयोग आठवावा लागेल. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून लाली नाही, रक्तातलं पाणी झिरपून येणारी सूज नाही, ऊब नाही. तरीही मूळ घटना तीच, काटा मोडलेल्या आपल्या बोटात घडते ती. परकं काही आत आलं की भक्षक पेशी धावून येतात. या कामासाठी त्याला 1908 साली पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. सूज वजा केली तरी जे शिल्लक राहतं, त्याला नाव हवं आहे.

आता 'दाह'वरचा आक्षेप. दाह म्हणजे आग होणे, मग वाचणारा जळजळ समजणार नाही का? आक्षेप खरा आहे. 'जळजळ' तर अजिबातच नको, कारण मराठी माणसाला ती छातीतली, पित्ताची. पण 'दाह' हा शब्द बोलण्यात आता इतका कमी येतो की त्याला एक नेमका वैद्यकीय अर्थ बांधून देता येतो, आणि आग, जळजळ, भगभग हे शब्द संवेदनेसाठी मोकळे राहतात. लॅटिन मूळ पाहिलं तर तिथेही पेटण्याचीच कल्पना आहे.

माझं मत पक्कं होतं ते मात्र क्रियापदांमुळे. सूज येते, चढते, उतरते, ओसरते. दाह होतो, भडकतो, धुमसतो, शमतो. 'शोथ'ला बोलत्या मराठीत स्वतःचं असं एकही क्रियापद नाही. क्रोन्सचा रोगी वर्षानुवर्षं ज्या फेऱ्यातून जातो तो बघा: काही महिने बरे जातात, मग आजार एकदम उसळतो, औषधाने आटोक्यात येतो, आणि लक्षणं नसतानाही तपासणीत आत काहीतरी चालू असल्याचं दिसतं. हे सगळं 'दाह'च्या क्रियापदांत सहज बसतं. 'लक्षणं गेली, पण दाह धुमसतो आहे' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता एक निरीक्षण. अवयवाच्या दाहाला मराठी बोलीने वेगळं नाव ठेवलेलंच नाही. आपण म्हणतो, 'त्याला अपेंडिक्स झालं', 'पोरीला टॉन्सिल्स झालेत', 'मला सायनस आहे'. अवयवाचं नाव तेच आजाराचं. त्यामुळे 'आंत्रपुच्छदाह' पुस्तकातच राहिला. तुमच्या टिपणातही असे लांब जोडशब्द नकोत. 'आतड्यातला दाह' पुरे. संधिशोथासारखा (आर्थ्रायटिस) रुळलेला एखादा शब्द आला तर तो मात्र मोडू नका. आणि दुकानदार 'सुजेची गोळी' म्हणून देतो ती 'दाहशामक'.

आता 'जनुक सापडले'कडे. क्रोन्सशी ठामपणे जोडलं गेलेलं पहिलं जनुक 2001 साली कळलं, 16व्या गुणसूत्रावरचं एनओडी-2. त्याचं प्रथिन जिवाणूंच्या भिंतीचा एक तुकडा ओळखतं, आणि काही रोग्यांत त्या जनुकातच फरक असतो. तिथे तुमचा मथळा चालला असता. 2024 च्या जूनमध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या जेम्स ली आणि सहकाऱ्यांनी जे छापलं ते निराळं आहे. 21व्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याचा क्रोन्सशी, मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी, मणक्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी संबंध आहे, हे आधीच माहीत होतं. कोडं असं की त्या पट्ट्यात प्रथिन घडवणारं एकही जनुक नाही. या गटाने दाखवलं की तिथे एक वर्धक आहे, म्हणजे दुसऱ्या जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा. तो मॅक्रोफेज पेशींत जागा होतो आणि दूरवरच्या ईटीएस-2 या जनुकाला जोर देतो. क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने तो तुकडा काढला, की ईटीएस-2 मंदावलं. उलट शांत मॅक्रोफेजमध्ये ईटीएस-2 वाढवलं, तर त्या पेशी क्रोन्सच्या आतड्यातल्या पेशींसारख्या वागू लागल्या.

म्हणजे रोग्यात ईटीएस-2 बिघडलेलं नाही. ते तुमच्या-माझ्यातही आहे, आधीपासून माहीत आहे. बदल आहे तो त्याला किती जोर मिळतो यात. शिवाय त्या पट्ट्याची धोका वाढवणारी रूपं निरोगी माणसांतही सर्रास सापडतात. 'सूज आणणारे जनुक' असं वाचून घरात रोगी असलेल्या आईबापांना मुलांची काळजी लागेल, तीही विनाकारण. म्हणून मी मथळा असा करेन: 'आतड्यातला दाह भडकवणारा जनुकीय दुवा उलगडला'. एमईके नावाच्या प्रथिनाला रोखणारी, कर्करोगासाठी आधीच वापरात असलेली औषधं या पेशींतला आणि रोग्यांच्या आतड्यातून काढलेल्या नमुन्यांतला दाह कमी करतात, असंही त्या लेखात आहे. ते जरूर लिहा, पण 'उपचार सापडला' असं लिहू नका. ते प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे.

'वर्धक'ऐवजी 'कळ' (बटण या अर्थी) वापरायचा मोह होईल. वैद्यकाच्या मजकुरात तो टाळा. पोटाच्या आजारात कळ म्हटलं की पोटातली कळच आठवणार. आणि जनुक नसलेल्या ज्या पट्ट्याला इंग्रजीत जीन डेझर्ट म्हणतात त्याला 'वाळवंट' म्हणण्यापेक्षा 'निर्जनुक पट्टा' म्हणा, कारण तिथे काहीच नाही ही समजूतच या संशोधनाने खोडली आहे.

मॅक्रोफेजला 'महाभक्षी पेशी' हा शब्द चांगला आहे. एकदा 'मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी' असं सांगून पुढे कुठलाही एक वापरा. हिंदी मजकूर समोर ठेवून लिहीत असाल तर एवढं सांभाळा: त्यांची 'कोशिका' म्हणजे आपली पेशी, आणि त्यांची 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू.