चोराचा कान आधी मोज

संदेश कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीशिवायही गुप्तता मिळते, हे माहिती-सिद्धांतकार ॲरन वायनरने 1975 साली दाखवलं. अट एवढीच की चोरून ऐकणाऱ्याची वाहिनी, म्हणजे सिग्नल पोचण्याची वाट, आपल्यापेक्षा खराब हवी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवरून होडीशी रेडिओ जोडलाय असं धर. होडीकडे सिग्नल गोंगाटाच्या 15 पट, चोराकडे 3 पट. पटीत 1 मिळवून पाया 2 चा लॉग घे: 16 चे 4 बिट, 4 चे 2. म्हणजे प्रति चिन्ह 2 बिट गुपित, आणि उरलेले 2 बिट निव्वळ यादृच्छिक (कसेही निवडलेले) भरायचे, म्हणजे चोराचे 2 त्यातच संपतात. हा भरणा 'वाया जातो' म्हणून कापलास की गळती सुरू.

लाटांवर सिग्नल वरखाली होतो, ते पथ्यावरच पडतं. चोराची सरासरी चांगली असली तरी काही क्षण आपले असतात. मात्र ते क्षण ओळखायला त्याची वाहिनी कळायला हवी, आणि तो बापडा माप द्यायला थोडाच येणार! म्हणून गळतीची किती शक्यता चालेल ते आधी ठरव, मग गुपित पाठवायचा दर.

वाहिनीच्या चढउतारांतूनच किल्ली काढायची असेल तर अर्ध्या तरंगलांबीचा नियम (चोर तेवढा लांब असला की त्याला वेगळीच वाहिनी दिसते), 2.4 गिगाहर्ट्झला सुमारे 6 सेंटीमीटर, उघड्या समुद्रावर वापरू नकोस. तो चहूबाजूंच्या परावर्तनांवर उभा आहे. इथे थेट किरण आणि पाण्यावरून उसळलेला एक. शेजारच्या होडीलाही जवळपास तेच दिसतं.