पणजीत वापरलेला कॅमेरा बघतोय. स्लो मोशनसाठी घेण्याआधी कसा तपासू?

दुकानातल्या दिव्याखाली एक आणि बाहेर भर उन्हात एक, अशा दोन क्लिप स्वतःच्या कार्डवर घ्या आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. शिगम्याच्या मिरवणुका मी दरवर्षी शूट करतो. तिथे घात करतात ते दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला १२० फ्रेम्सवर घोडेमोडणीचा नाच सुरेख संथ होतो, पण मागची भिंत सारखी उजळत-मंदावत राहते. म्हणून मेनूत PAL (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडून १०० फ्रेम्स मिळतात का पाहा आणि शटर १/१०० सेकंद ठेवा. उन्हात मात्र शटर १/१००० वर न्या आणि बाटलीतून पाणी ओता. थेंब सुटे, धारदार कडांचे दिसले पाहिजेत. फोकस नीट असूनही मऊच दिसले, तर स्लो मोशन मोडमध्ये कॅमेरा तपशील गाळतोय, असा कॅमेरा मी घेणार नाही. या मोडमध्ये चित्राच्या कडा किती कापल्या जातात, ऑटोफोकस चालतो का, तेही बघा. आवाज नसेल तर घाबरू नका, बऱ्याच मॉडेलांत या मोडमध्ये तो येतच नाही. एवढंच, की काही स्वस्त एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे १/१०० पुरत नाही, शटर थोडं थोडं बदलत बघावं लागतं.