आबांना सांगायचं कुणी?

घरात मुक्कामाला आलेलं मोठं दुखणं आणि माणूस गेल्यानंतरचं घर, या विषयावर आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहेत पॅलिएटिव्ह केअरच्या (मोठ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) टीमबरोबर ठाणे-नवी मुंबईत घरोघरी जाणाऱ्या एक वैद्यकीय समाजसेविका.

प्रश्न : माझे सासरे तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते. वय ५७. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, तो लिव्हरपर्यंत गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमो नको, घरी ठेवा, दुखू देणार नाही. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. आबांना आम्ही ‘अल्सर’ सांगितलंय. दीर म्हणतात, खरं कळलं तर हाय खातील. तुमच्यासारखी टीम घरी येते तेव्हा मी त्यांना आधीच जिन्यात गाठून सांगते, कॅन्सर हा शब्द काढू नका. आबा रोज एकच विचारतात, गावाला कधी जायचं? गाव पाटण तालुक्यात. काय करू?
— एक सून, कोपरखैरणे

उत्तर : जिन्यात गाठणारी माणसं आम्हाला ओळखीची आहेत. कुणी जिन्यात गाठतं, कुणी रिक्षापर्यंत सोडायला येतं आणि मग बोलतं. त्यात वाईट काही नाही, आबांवर माया आहे म्हणून करता. पण ज्या माणसाला तुम्ही खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात नेऊन आणलं, ओपीडीच्या रांगेत तासन् तास बसवलं, त्याने शेजारच्या बाकावरच्या माणसाला ‘तुम्हाला काय झालंय?’ असं विचारलं नसेल? मार्केटमध्ये उभा जन्म काढलेला माणूस आहे. अल्सरला कुणी लाइट (रेडिएशन) देत नाही, हे त्याला कळतं.

कळव्याचं एक घर सांगते. तिथे बायको मला दाराबाहेर थांबवून म्हणायची, ह्यांना काही सांगू नका. ती चहा टाकायला आत गेली की नवरा हळूच म्हणायचा, हिला सांगू नका हं, बीपी आहे तिला. त्यांनी विमा पॉलिसीचे नंबर आणि गॅस कुणाच्या नावावर आहे ते कालनिर्णयच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. दोघांनाही सगळं ठाऊक. चोरी एकमेकांपासून.

म्हणून ‘सांगायचं कुणी’ हे जरा बाजूला ठेवा. आधी विचारा. दीर घरी असतील अशी वेळ बघा, टीव्ही बंद करा आणि म्हणा, ‘आबा, तुम्हाला काय वाटतंय या दुखण्याचं?’ मग गप्प बसा. ही गप्प बसायची मिनिटं फार जड जातात, नेमकं तेव्हाच कुणीतरी ‘काही नाही हो, बरे व्हाल’ म्हणून सगळं घालवतं. आबा म्हणाले, ‘साधं दिसत नाही,’ तर म्हणा, ‘हो, साधं नाही.’ पुढचं त्यांनी विचारलं तरच सांगा. किती महिने, हे कुणीच सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू नका. आणि ते म्हणाले, ‘मला काही सांगू नका, थोरल्याला सांगा,’ तर तोही त्यांचा हक्क आहे, मग विषय तिथेच थांबवा. फक्त उघड खोटं बोलू नका. एकदा ते पकडलं गेलं की गोळी कशाची आहे, यावरही विश्वास राहत नाही. दिरांना धीर होत नसेल तर घरी येणाऱ्या टीमला सांगा, आम्ही शेजारी बसतो. ते आमचं कामच आहे.

आता गाव. मला विचाराल तर न्या. ते रोज जे विचारतात, त्यात त्यांचं उत्तर आलेलंच आहे. पण निघायच्या आधी डॉक्टरांना तीन-चार गोष्टी विचारून घ्या. गिळणं पूर्ण बंद झालं तर काय करायचं, नळी लागेल का? गोळी गिळता आली नाही तर दुसरं काय? मॉर्फिन साधारण दर चार तासांनी द्यावं लागतं आणि ते सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यता असलेल्या संस्थांमधूनच मिळतं. २०१४ साली कायदा बदलल्यावर नियम देशभर एकसारखे झाले, तरी पाटणच्या बाजारात ते मिळेल असं धरून चालू नका. गोळ्या पुरेशा घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांसोबतच ठेवा. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो आणि लोक त्याला कंटाळून गोळीच सोडतात. गावाजवळ किंवा कराडला बघणारा डॉक्टर आधी फोनवर ठरवून घ्या आणि त्याच्यासाठी इथल्या डॉक्टरांचं पत्र न्या.

दोन रुक्ष गोष्टी, पण या मी प्रत्येक घरात सांगते. माथाडी मंडळाकडे आबांचा प्रॉव्हिडंट फंड असेल, त्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते त्यांची सही चालतेय तोवर बघून घ्या. पुष्कळांच्या कागदावर अजून आईचं नाव असतं, लग्नाआधी लिहिलेलं. आणि मृत्यू गावी झाला तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत होते, कोपरखैरण्यात नाही. २१ दिवसांच्या आत करा. शिधापत्रिकेवर दारिद्र्यरेषेखालची नोंद असेल तर कमावता माणूस ५९ च्या आत गेल्यास कुटुंबाला २० हजार रुपये मिळण्याची योजना आहे, अर्ज तहसीलदार कचेरीत.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलीय, दोन चमचे पेजेच्या वर काही जात नाही. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती नको. पण भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सलाईन तरी लावा, उपाशी मारताय का’ म्हणतो. मी रात्री रडते.
— नौपाडा, ठाणे

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. शेवटच्या टप्प्यात शरीरच अन्न मागेनासं होतं. उपासमारीने माणूस जात नाही, माणूस जात असतो म्हणून भूक जाते. जबरदस्तीने भरवलेलं फुप्फुसात उतरण्याची भीती असते. या टप्प्यावर सलाईनने कधी सूज येते, कधी छातीत पाणी साठतं. तोंड कोरडं पडू देऊ नका, ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसा, ओठांना तूप लावा, मागितलं तर बर्फाचा छोटा खडा द्या. तिला आवडायची ती सोलकढी असेल तर जिभेवर थेंबभर. एवढं पुरे.

राहिले पाहुणे. त्यांच्याशी वाद घालू नका, काम द्या. ‘मावशी, जरा आईच्या पायांना तेल लावता?’ म्हटलं की सलाईनचा विषय बहुतेक वेळा मागे पडतो. माणसाला काहीतरी करायचं असतं हो, जेवण हा एकच मार्ग त्यांना माहीत असतो. तरीही कुणी ऐकत नसेल तर पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांसमोरच बसवा, तुम्ही मध्ये पडू नका.

प्रश्न : माझे मिस्टर मार्चमध्ये गेले. खासगी कंपनीत नोकरीला होते. मुलगा ९ वर्षांचा. त्याला सांगितलं, बाबा झोपलेत, देवाघरी गेलेत. आता तो रात्री झोपायला तयार नाही, मी झोपले तरी हलवून उठवतो. कागदपत्रांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. सगळे म्हणतात, आता सावर.
— वाशी

उत्तर : मुलापासून सुरुवात करू. झोपणं आणि मरणं त्याच्या डोक्यात एक झालंय, म्हणून तो तुम्हाला हलवून बघतो. ९ व्या वर्षी मरण कळतं. त्याला सरळ सांगा : ‘बाबा मेले. त्यांचं शरीर आजाराने बंद पडलं, ते झोपले नव्हते. झोपलेला माणूस उठतो.’ मग न विचारताही दोन गोष्टी सांगा. हे त्याच्या वागण्यामुळे झालेलं नाही आणि हा आजार त्याला स्पर्शाने लागत नाही. मुलं हे मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत. पुढचा प्रश्न त्याच्या बाजूने फार व्यवहारी असतो : शाळेतून कोण आणणार, फी कोण भरणार, तूही मरणार का? प्रत्येकाला खरं उत्तर द्या. ‘मी कधीच मरणार नाही’ म्हणू नका. ‘मी खूप वर्षं जगायचं ठरवलंय, आणि मला काही झालं तर मामा आहे’ म्हणा. वर्गशिक्षिकेला भेटून या.

कपाट एकटीने उघडू नका. बहिणीला बोलवा, ताक-पोहे करा आणि एका दुपारी फक्त तीन गोष्टी शोधा. पहिली, बँकेचं पासबुक. दर वर्षी मे अखेरीस ४३६ रुपये कापले गेलेत का बघा. कापले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांचा दावा त्याच बँकेत होतो. लोकांना ही वजावट कसली तेच माहीत नसतं. दुसरी, पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर. ते नोकरीत असतानाच गेले असतील तर फंडाच्या रकमेशिवाय विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. तुम्हाला पेन्शन, आणि मुलालाही २५ वर्षांपर्यंत. कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिसरी, मृत्यू दाखल्याच्या भरपूर प्रती. टक्केवारी मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका, हे काम अर्जाचं आहे, वशिल्याचं नाही.

‘सावर’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. महिने गेले तरी दुपारी अचानक हुंदका येणं हा आजार नव्हे. पण खाणं-झोप पार बिघडली, घरचं काहीच होईना, किंवा आपणही संपावं असं मनात येऊ लागलं तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : शेजारणीचे यजमान गेल्या वर्षी गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवू का? सासूबाई नाराज होतील.
— घंटाळी, ठाणे

उत्तर : बोलवा. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर सरकारनेही परिपत्रक काढलं. घंटाळी हेरवाडच्या मागे का राहावी? मात्र आमंत्रण सगळ्यांसमोर देऊ नका. आधी एकटीला विचारा, यायचं नसेल तर वाण घरी नेऊन द्या. सासूबाईंचं मी तुमच्यावर सोपवते.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) करतेय. डॉक्टर आणि नर्स असताना या क्षेत्रात समाजसेवक नेमकं करतो काय? आईला वाटतं, नुसतं सांत्वन.
— ऐरोली

उत्तर : आईंना सांगा, आधुनिक हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाचं, बीज ज्यांनी रोवलं त्या सिसिली साँडर्स डॉक्टर व्हायच्या आधी नर्स होत्या आणि मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका. १९४८ मध्ये लंडनला एक पोलिश निर्वासित रुग्ण मरताना त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला. त्यातून १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उभं राहिलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं. दुखणं फक्त हाडात नसतं, पैशात, भांडणात आणि भीतीतही असतं, हे साँडर्सबाईंचं म्हणणं.

आम्ही काय करतो? नर्स जखम बघते तेव्हा मी बघते, आंघोळ कोण घालतं, कमावतं कोण, रजा कुणाची संपत आलीय, कुठला भाऊ फोन उचलत नाही. रात्री जागणाऱ्या बाईला एक झोप मिळावी म्हणून शेजारच्यांशी बोलते. संजय गांधी निराधारचा अर्ज भरून घेते. माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, मी नंतर जाते. सांत्वन त्यात आलंच, पण बहुतेक वेळ फॉर्म, फोन आणि चहा यात जातो. साखर कमी सांगायला लवकर शिका.

टीआयएसएस (टाटा समाजविज्ञान संस्था) असो वा निर्मला निकेतनचं समाजकार्य कॉलेज, फील्डवर्क मागताना पॅलिएटिव्ह विभाग मागा. सुरुवातीला वरिष्ठांबरोबरच घरोघर हिंडा, एकटी जाऊ नका. आणि रिक्षाचं भाडं संस्था देणार की तुम्ही, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.