वाचकांचे प्रश्न : प्रयोग अडीच तासांचा, दिवस बारा तासांचा

या वेळच्या पत्रांत अभिनय कसा सुधारावा किंवा ताल कसा पक्का करावा, असे प्रश्न जवळपास नाहीतच. बसलेला आवाज, सोललेली कातडी, घामेजलेले कपडे, तापलेल्या केबल, वाजणारे कान, उडालेली झोप आणि अडकलेले मानधन याबद्दलच सगळे विचारत आहेत. मंचावर पोट असणाऱ्यांचा बराचसा दिवस यातच जातो, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे थोडी सविस्तर देत आहोत.

प्रश्न : मी व्यावसायिक नाटकात काम करते. मानधन नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे, ठरले आहे. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. तालमींचे तर काहीच मिळाले नाही. बोलणी करताना नेमके काय मागायचे?

बोलणीला बसण्याआधी एक प्रयोग घड्याळावर मांडून पाहा. दुपारी दोनला घर सोडले, साडेतीनला थिएटरवर पोहोचलात. सेट लागेपर्यंत साडेसहा. मग लाइट-साउंडची तपासणी, रंगभूषा, कपडे. साडेआठला पडदा उघडला आणि अकराला पडला. आवराआवर साडेबारापर्यंत, घरी पोहोचायला दोन. अडीच तासांच्या प्रयोगाला बारा तास लागले. आता तालमी धरा. पाच आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास, म्हणजे १२० तास. नाटकाचे २० प्रयोग झाले तर प्रत्येक प्रयोगाच्या वाट्याला तालमीचे आणखी सहा तास येतात. म्हणजे तुमची नाईट अठरा तासांची आहे. तिला अडीचने नव्हे, अठराने भागा आणि मग परवडते का ते ठरवा.

तालमीचे पैसे वेगळे मागा. ते शक्यच नसेल तर किमान प्रयोगसंख्येची हमी मागा: नाटक पाच प्रयोगांत बंद पडले तरी ठरावीक प्रयोगांचे मानधन मिळेल, अशी. नाहीतर पाच आठवड्यांची सगळी जोखीम एकट्या कलाकाराच्या अंगावर पडते. प्रयोग रद्द झाला तर काय, हेही आधीच लिहून घ्या. सात दिवसांच्या आत रद्द झाल्यास निम्मे आणि आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी झाल्यास पूर्ण, अशी मागणी आम्हाला रास्त वाटते, कारण तेवढ्यात दुसरे काम मिळत नाही. दौऱ्यावर प्रवास, राहणे आणि जेवण यांचा खर्च कोणाचा, तेही स्पष्ट हवे. चित्रीकरणाचा मुद्दा मात्र हमखास सुटतो. ‘आपल्या रेकॉर्डसाठी’ म्हणून केलेले चित्रीकरण पुढे कुठे दाखवले तर त्याचे वेगळे मानधन, हे एक वाक्य आत्ताच घालून घ्या. चित्रीकरण होऊन गेल्यावर ते मागणे फार अवघड जाते.

मोठा करारनामा होत नसेल तर फोनवर ठरलेले त्याच दिवशी लिहून पाठवा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे इतके प्रयोग, इतके मानधन, पैसे अमुक दिवसांत. काही वेगळे असेल तर कळवा.’ पुढे वाद झाला तर हा निरोपच कामी येतो. एकट्यादुकट्या कार्यक्रमाचे असेल तर काही रक्कम तारीख देतानाच घ्या आणि उरलेली पडदा उघडण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर आयोजकाला गाठणे अवघड असते, आणि त्या वेळी तुमच्याकडे अडवून धरण्यासारखे काही उरलेलेही नसते.

प्रश्न : आठवड्यात चार प्रयोग आहेत आणि आवाज बसलाय. सहकारी म्हणतात, घसा बधिर करणारा स्प्रे मार आणि उभा राहा. मारू का?

नको. दुखणे ही शरीराने दिलेली सूचना आहे, आणि बधिर केल्यावर तीच कळत नाही. सुजलेल्या स्वरतंतूंवर तुम्ही नेहमीपेक्षा जास्त जोर द्याल आणि ते सकाळीच लक्षात येईल. साधे बोलतानाही पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभरहून अधिक वेळा आणि बायकांचे दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आदळतात. सूज असताना याच आदळण्याने इजा वाढते. अंगदुखीसाठी ॲस्पिरिनसारख्या, रक्त पातळ राखणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका, कारण ताणलेल्या स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यांनी वाढतो. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही, त्यांना विचारायचे.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्यायलेले पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जाते. त्याचा उपयोग होतो तो शरीरात मुरल्यावर, काही तासांनी. त्यामुळे विंगेत उभे राहून गटागटा पिण्यापेक्षा सकाळपासून थोडे थोडे प्यावे. स्वरतंतूंच्या पृष्ठभागापर्यंत थेट पोहोचते ती वाफ. साध्या पाण्याची, औषध न घालता, दहा मिनिटे घ्या. मेंथॉलच्या गोळ्यांनी बरे वाटते, पण घसा कोरडा पडू शकतो.

बोलायचे कमी करा, पण त्याऐवजी कुजबुजू नका. कुजबुजताना अनेकांचा घसा उलट आवळला जातो. सारखे खाकरणेही सोडा, त्याऐवजी एक घोट पाणी गिळा. आवाज सैल करण्यासाठी एक साधा व्यायाम आहे. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि ओठ घट्ट मिटून तिच्यातून ‘ऊ’ असा हलका आवाज काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते थांबून थांबून येत असतील तर श्वास तुटतोय, आणि पाणी उसळत असेल तर जोर जास्त होतोय. खालच्या सुरातून वर आणि परत खाली, दोन-तीन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. स्ट्रॉमुळे तोंडात मागे दाब तयार होतो, त्यामुळे स्वरतंतू कमी जोराने आदळूनही आवाज निघतो. हे करतानाही दुखले तर तिथेच थांबा.

प्रयोग चालू असताना आवाज एकदम, झटक्यात गेला, तर त्या क्षणापासून पूर्ण मौन आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञ. रक्तस्राव झाला असेल तर पुढचा एक प्रयोगही कायमचे नुकसान करू शकतो. घोगरेपणा हळूहळू आलेला असेल आणि चार आठवड्यांत गेला नाही, तर कोणीही दुर्बिणीतून तपासून घ्यावे. आवाजावर पोट असणाऱ्यांनी तर दोन आठवडेच पुरे समजावेत. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नसते. आवाजाच्या उपचारतज्ज्ञाकडे काही आठवडे नियमित शिकून बहुतेक गाठी आटोक्यात येतात. निर्मात्याला आजच सांगा, म्हणजे बदली कलाकाराला निदान दोन तालमी मिळतील.

प्रश्न : रोज मिशी लावावी लागते. काढताना ओठावरची कातडी सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच गम लावताना आग होते.

घाईने ओढून काढता, असे दिसते. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. सुकल्यावर ती कातडीला आणि मिशीचे केस ज्या जाळीवर बसवलेले असतात तिला सारखीच धरते, त्यामुळे ओढली की कातडीचा वरचा थर सोबत येतो. गम सोडवणाऱ्या रिमूव्हरमध्ये बारीक ब्रश बुडवा, जाळीच्या कडेला टेकवा आणि अर्धा मिनिट नुसते थांबा. गम पांढरट, लिबलिबीत झाला की ब्रशच्याच टोकाने कड उचला, पुन्हा ओला ब्रश आत सरकवा. बोटांनी धरायचे ते मिशी आपण होऊन सुटल्यावरच. या कामाला पाच मिनिटे लागतात, ती ठेवाच. मग तेल लावून उरलेला गम पुसा, सौम्य साबणाने धुवा आणि साधे मलम लावा. मिशी टिश्यूवर ठेवून जाळीही रिमूव्हरने साफ करा. जुना गम तसाच राहिला तर उद्या दुप्पट गम लागतो.

लावताना दाढी सकाळीच करून ठेवा, ताज्या दाढीवर गम झोंबतोच. त्वचा कोरडी आणि तेलविरहित हवी, फाउंडेशनवर गम टिकत नाही. पातळ थर द्या, बोटाने टपटप करून चिकटपणा आला की मगच मिशी टेकवा आणि ओलसर कापडाने दाबा. तोंडाचे कोपरे सर्वांत आधी सुटतात, कारण तिथे हालचाल आणि लाळ दोन्ही असतात. कोपऱ्यांवर गमचा दुसरा हात द्या, बाकी ठिकाणी नको. सोललेल्या कातडीवर मात्र दोन-तीन दिवस काहीही चिकटवू नका. तेवढे दिवस मिशी पेन्सिलने काढली तर प्रेक्षकांचे काही बिघडत नाही, दिग्दर्शकाला तसे स्पष्ट सांगा. लाल चट्टे किंवा खाज येत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. दुसरा गम हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ तास पाहा आणि मगच चेहऱ्याला लावा.

प्रश्न : जरीचे जड कपडे दर प्रयोगाला धुता येत नाहीत. वास कसा घालवायचा?

आत सुती बनियन घाला आणि एका प्रयोगाला दोन ठेवा, मध्यंतरात बदला. कपड्यापर्यंत घाम पोहोचलाच नाही तर निम्मे काम झाले. प्रयोग संपताच कपडे उलटे करून रुंद हँगरवर पंख्यासमोर टांगा. ओले कपडे पेटीत घडी करून भरले की रात्रीतून जिवाणू वाढतात, वास त्यांचाच असतो. काखेत आणि कॉलरला आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा. रंग जातो का, ते आधी आतल्या शिवणीवर पाहून घ्या. फवारणी उघड्या हवेत करा आणि जवळ दिवा, उदबत्ती किंवा तापलेली इस्त्री नको.

प्रश्न : बॅकस्टेजला नवीन आहे. केबलच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. ड्रम बिघडलाय का?

बहुधा ड्रम बिघडलेला नाही, केबल गुंडाळलेलीच वापरली गेली. वीज वाहताना केबल तापतेच. मोकळ्या केबलची उष्णता हवेत निघून जाते, गुंडाळीतली आतल्या थरांतच कोंडते. आवरण वितळून तारा एकमेकींना टेकल्या की आग लागते. त्यामुळे लोड कितीही असो, ड्रम पूर्ण उलगडायचा. चटका बसलेला ड्रम इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका, आवरण आतून मऊ झालेले असू शकते.

केबल कोपरावर गुंडाळू नका. दर वेढ्याला एक पीळ पडतो आणि आतली तार तुटते. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी गुंडाळली की ती पुढच्या वेळी सरळ उलगडते. हॅलोजन दिवे विझवल्यावर पुरते गार होऊ द्या. नवा बल्ब बसवताना उघड्या बोटांनी धरू नका, बोटांचे तेल लागलेली जागा जास्त तापून काच फुटू शकते. कापडाने धरा. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सुरक्षा-साखळी हवी. ती नसेल तर खाली कोणालाही उभे करू नका.

अपघात जास्त होतात ते सेट काढताना. सगळे थकलेले, ट्रकवाला घाई करतोय, कलाकार भेटायला आलेल्यांसह मंचावर उभे. मंच आधी रिकामा करून घ्या, आज्ञा एकानेच द्या, आणि वरचे काही खाली येताना बाकी सगळे काम थांबवा. ट्रक भरताना पुढच्या मुक्कामी आधी काय लागेल त्याचा विचार करा. दिवे आधी टांगतात, सेट नंतर उभा राहतो, म्हणून दिवे ट्रकमध्ये सर्वांत शेवटी, दाराजवळ.

प्रश्न : बँडमध्ये ड्रमरशेजारी उभा राहून वाजवतो. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते. काळजीचे आहे का?

आहे. सकाळी थांबते म्हणून लोक सोडून देतात, पण शिट्टी वाजली याचाच अर्थ कानाला झेपण्यापलीकडचा आवाज गेला. ८५ डेसिबलपर्यंत आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, असा कामाच्या ठिकाणचा एक प्रचलित हिशेब आहे. त्यानुसार ९४ ला एक तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे मिळतात. ड्रमशेजारी १०० सहज होतात, आणि तुमची तालीमच दोन तासांची.

संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, सगळे दबके ऐकू येते आणि मग वादक ते काढून टाकतो. फिल्टरवाले सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. १५ डेसिबलच्या फिल्टरने १०० चे ८५ होतात. कार्यक्रमात पहिल्यांदा घालू नका, तालमीत दोन-तीन आठवडे सवय करा. इन-इअर मॉनिटर, म्हणजे मंचावरचे वादन कानातच ऐकवणारे इअरफोन, वापरत असाल तर दोन्ही कानांत घाला. एक काढला की उरलेल्याचा आवाज वाढवला जातो. झांजेच्या पातळीतून कान बाजूला घ्या, एखादे पाऊल मागे सरकूनही फरक पडतो. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करा आणि आलेख जपून ठेवा. एका कानाने अचानक कमी ऐकू आले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे उपचार उशिरा सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता घटते.

प्रश्न : प्रयोगानंतर पहाटे तीन-चारपर्यंत झोप येत नाही.

मंचावर चढलेला उत्साह उतरायला दोन-तीन तास लागतात, त्यात आजार काही नाही. पण संध्याकाळची कॉफी बंद करा. कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास घेते, म्हणजे सातच्या कपातले अर्धे मध्यरात्रीही अंगात असते. रात्री साडेबाराला पोटभर जेवण्याऐवजी मुख्य जेवण प्रयोगाआधी अडीच-तीन तास घ्या आणि नंतर हलके काहीतरी खा. भरल्या पोटी आडवे झाल्याने पित्त घशापर्यंत येते, आवाजालाही ते वाईट. प्रयोगाच्या दिवशी सकाळची कामे घेऊच नका, उठण्याची वेळ पुढे ढकला आणि सुटीच्या दिवशीही तीच ठेवा. दौऱ्यावरून रात्री परतताना कलाकाराने किंवा बॅकस्टेजवाल्याने गाडी चालवू नये. बारा तास काम केलेल्या माणसाला उत्साहामुळे झोप जाणवत नाही, आणि तो उतरला की डुलकी चाकावरच लागते. वेगळा चालक ठेवण्याचा खर्च पहिल्या प्रश्नातल्या करारातच लिहून घ्या.